जलरूप विरघळतं कशात?

मंगळवारी सकाळी जयमालाने मिरचीला पाणी सोडलं, पण ते शेवटच्या झाडापर्यंत पोचलं नाही. मोटर चालू होती, फिल्टरवरचा दाबाचा काटा नेहमीपेक्षा वर चढला होता, आणि प्रत्येक नळीच्या टोकाकडच्या झाडांखालची माती कोरडी ठक्क. तिने नळीवरचा एक ड्रिपर, थेंब पाडणारी बारकी तोटी, उपटून ओठांशी धरला आणि फुंकला. हवासुद्धा जाईना. टाचणीने कोरल्यावर आतून पांढरा, ओला गाळ निघाला, दातांच्या पावडरीसारखा.

"पाण्यातले क्षार असतीन," तिचा नवरा निवृत्ती म्हणाला.

"बारा वर्सं झाले ठिबक टाकून. क्षार आताच काऊन आले?"

बायकोने उत्तर नसलेला प्रश्न विचारला की निवृत्ती काहीतरी बंद करायला जायचा. तो मोटर बंद करायला गेला.

जयमाला बांधावर बसून विचार करू लागली. या महिन्यात शेतात नवीन असं एकच आलं होतं, 'जलरूप' नावाच्या खताची पिशवी. विद्राव्य खत, म्हणजे पाण्यात पुरतं विरघळून ठिबकाच्या नळीतून थेट मुळाशी जाणारं. पिशवीवर हसणाऱ्या थेंबाचं चित्र होतं. मागच्या महिन्यात कंपनीचा माणूस पिंपळसोंड्याला आला, काचेच्या बरणीत चमचाभर पावडर टाकून त्याने 'एक, दोन, तीन' म्हटलं, आणि तीनला पावडर दिसेनाशी झाली. गावातल्या अकरा जणांनी पिशव्या घेतल्या.

घरी येऊन तिने चहाच्या काचेच्या ग्लासात पाणी घेतलं, पिशवीतली चमचाभर पावडर टाकली आणि ढवळलं. पाणी दुधासारखं झालं. तिने भाजी निवडली, भाकरी केल्या, सासूबाईंच्या डोळ्यांत औषध घातलं. तोवर पाणी वरून स्वच्छ झालं होतं आणि पावडर तळाशी निवांत बसली होती. पुन्हा ढवळलं, पुन्हा बसली. संध्याकाळी तिसऱ्यांदा ढवळलं आणि निवृत्ती ते पांढरं पाणी दूध समजून चहात ओतणार होता, तेव्हा तिने त्याचा हात धरला.

"परवा थो कंपनीवाला येऊन राह्यला ना समाजमंदिरात?"

"हाव. नारायणराव मामाजीनं बलावलं त्याले. काऊन?"

"काही नाई. मी येतो तुमच्यासंगं."

निवृत्ती ग्लास धुवायला निघून गेला.

गुरुवारी दुपारी समाजमंदिर भरलं. पुढच्या खुर्चीवर नारायणराव होते. गावातली सगळ्यात मोठी शेती, सगळ्यात गोड पाण्याची विहीर आणि सगळ्यात ठाम मतं त्यांचीच. पहिल्या वेळी 'घ्या रे, चांगला माल हाय' असं तेच म्हणाले होते, म्हणून तर अकरा पिशव्या खपल्या. त्या अकरांवेगळ्या त्यांनी स्वतः चार घेतल्या होत्या, पण एकही अजून फोडली नव्हती. आधी लोकांचं पाहावं, हेही त्यांचं ठाम मत होतं.

कंपनीचा माणूस कुलदीप मूळचा देऊळगाव राजाकडचा. वय सव्वीस, शर्टाला कडक इस्त्री, डोक्यावर हिरवी टोपी. तो पाठ केलेलं बोलायचा, पण मनापासून बोलायचा. गेल्या तीन महिन्यांत त्याने चाळीस गावांत हीच बरणी हलवली होती.

"शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो," तो म्हणाला, "खत विरघळलं नाही, तर ते खत नाही, माती आहे. पाहा."

त्याने चकचकीत पाकीट फोडलं, चमचाभर पावडर बरणीत टाकली, ढवळलं. एक, दोन, तीन. पाणी काचेसारखं स्वच्छ. टाळ्या पडल्या.

मागून जयमाला उठली. हातात स्टीलचा डबा होता.

"भाऊ, आता हे टाका. हे बी तुमचंच हाय. तुमच्या पिशवीतलं."

"टाकू ना ताई," कुलदीप आनंदाने म्हणाला. त्याला खरोखरच आनंद झाला. चाळीस गावांत कोणी स्वतःहून पावडर घेऊन आलं नव्हतं.

त्याने बरणी विसळली, ताजं पाणी घेतलं, चमचा टाकला आणि ढवळलं. एक, दोन, तीन. पाणी पांढरं. चार, पाच, सहा. तो दहापर्यंत गेला, मग आकडे सोडून नुसताच ढवळत राहिला. त्याच्या कपाळावर घाम आला. चमचा थांबला तशी पावडर सावकाश खाली बसू लागली, आणि सगळं समाजमंदिर ती बसताना पाहत राहिलं.

"ताई, पाणी जड असलं ना, की असं होतं," कुलदीप म्हणाला.

हे तो बोलला आणि फसला. कारण बरणीतलं पाणी नारायणरावांच्या विहिरीचं होतं. त्यांनी मुद्दाम कॅन भरून आणवलं होतं.

नारायणराव खुर्चीतून सावकाश उठले. "कोनाचं पानी जड हाय म्हन्ता?"

"नाही काका, म्हणजे सर्वसाधारणपणे..."

"माह्या विहिरीच्या पान्यात तुरीची दाय दोन शिट्ट्यांत शिजते. चिखलीचे पाव्हने जाताना बाटल्या भरून नेतेत. अन् तुमची पावडर म्हन्ते पानी जड?"

आतापर्यंत नारायणराव जलरूपच्या बाजूला होते. विहिरीचं नाव निघताच ते विरुद्ध बाजूला गेले, आणि त्यांच्याबरोबर पुढच्या दोन रांगाही गेल्या.

"दुसरं पानी आना," ते म्हणाले. "गावातलं सगयं पानी आना. पाहू कोनाचं जड हाय थे."

माणसं उठली. कोणी नळाचं आणलं, कोणी बोअरचं, कोणी तलावाचं. किराणा दुकानातून थंड पाण्याचा जार आला. प्रत्येकाला आपलं पाणी हलकं निघावं असं वाटत होतं, त्यामुळे खताची गोष्ट मागे पडून पाण्याची चढाओढ सुरू झाली. ग्लास पुरेनात, म्हणून कोणीतरी समोरच्या जिल्हा परिषद शाळेतून योगिनी मॅडमना बोलावलं. त्या विज्ञान शिकवायच्या. शाळेची काचेची चंचुपात्रं त्यांनी आणली, पण एका अटीवर.

"मोजायचं मी सांगेन तसं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांत पाणी सारखं, पावडर सारखी, आणि ढवळायचंही सारखं. पन्नास वेळा. एकाचं पन्नास आणि एकाचं वीस, असं चालणार नाही. आणि माझं एकही भांडं फुटता कामा नये."

ढवळायचं कोणी, असा प्रश्न आला. सगळ्यांनी कुलदीपकडे पाहिलं.

त्याने बाह्या सरसावल्या. टेबलावर पाच भांडी ओळीने लागली. मॅडमनी खडूने भिंतीवर रकाने आखले, 'विहीर, नळ, बोअर, तलाव, जार'. कुलदीप ढवळू लागला आणि गाव मोठ्याने मोजू लागलं. पाचवं भांडं संपेपर्यंत त्याचा उजवा हात लुळा झाला होता. पाचही भांडी आधी दुधासारखी झाली, मग पाचही तळांशी पांढरा थर बसला. मॅडमनी पाच वेळा 'नाही' लिहिलं.

नारायणराव समाधानाने खाली बसले. "माह्या पान्यात काई दोस नाई. लिवा तसं."

"तसं कसं लिहू? रकाना नाही."

"रकाना काढा ना मंग."

आता कुलदीपने फोन लावला. त्याचा साहेब चिखलीच्या रस्त्याला गाडीत होता. कुलदीप कोपऱ्यात जाऊन हळू बोलला, पण सगळे गप्प असल्यामुळे साहेबाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "कोमट पाण्यात टाकायला सांग."

अंगणवाडीच्या चुलीवर पाणी कोमट झालं. पन्नास वेळा ढवळणं झालं. नाही.

साहेब म्हणाला, "सांग, हे हळूहळू विरघळतं. खास तंत्रज्ञान आहे."

"मंगळवारी दिवसभर ठिवलं व्हतं म्या," जयमाला म्हणाली. "किती हळू?"

साहेब म्हणाला की बोगद्यात शिरतोय. त्या रस्त्याला बोगदा नव्हता, पण फोन बंद झाला.

एव्हाना लोकांना चव लागली होती. पाण्यात नाही तर कशात, हे पाहिल्याशिवाय घरी जायला कोणी तयार नव्हतं. ताक आलं. डिझेल आलं. ते निवृत्तीने आणलं, कारण त्याला जागेवरून उठायला काहीतरी निमित्त हवंच होतं. गोडं तेल आलं. मागच्या बाजूने हातोहात एक छोटी बाटली पुढे सरकत आली. तिच्यात पाण्यासारखं दिसणारं, पण वासाने पाणी नव्हे असं काहीतरी होतं. बाटली कोणाची हे मॅडमनी विचारलं नाही, आणि मागेही कोणी सांगितलं नाही. कोणीतरी म्हणालं, अन्नपूर्णाबाईंच्या देवघरात गंगाजलाचा गडू आहे.

अन्नपूर्णाबाई म्हणजे जयमालाच्या सासूबाई. त्या दाराशी चटईवर बसल्या होत्या. "गंगाजल माह्यासाठी ठिवलं हाय," त्या म्हणाल्या. "खतासाठी नाई." विषय मिटला.

ताकात काही कळेना, ताक आधीच पांढरं. मॅडमनी तिथे प्रश्नचिन्ह काढलं. डिझेलात नाही. तेलात नाही. बाटलीतल्या द्रवातही नाही. बाटली मागे परत गेली तेव्हा ती बरीच हलकी झाली होती, आणि तेवढं काही मॅडमनी चंचुपात्रात घेतलं नव्हतं.

"आता पाकिटातली पावडर," मॅडम म्हणाल्या.

"ती तर विरघळते मॅडम, सगळ्यांनी पाहिलंय," कुलदीप म्हणाला. त्याचा चेहरा जरा उजळला.

"सगळ्यांत टाकून पाहू. एकाच भांड्यावर विश्वास ठेवायचा नसतो."

कुलदीपने डाव्या हाताने ढवळलं. विहीर, नळ, बोअर, तलाव, जार, पाचही ठिकाणी तीन आकड्यांत पावडर गायब. डिझेलात आणि तेलात मात्र ती तळाशीच राहिली. मॅडम भिंतीकडे पाहत थांबल्या. एकाच नावाच्या दोन पावडरी, आणि उत्तरं मात्र वेगळी.

"आत्याबाई, उठू नोका, पडसान," जयमालाचा आवाज आला.

अन्नपूर्णाबाई उठल्या होत्या. डोळ्यांनी त्यांना कमी दिसायचं, म्हणून त्या टेबलाच्या अगदी जवळ वाकल्या. टेबलाच्या कडेला कुलदीपचा पाकिटातल्या पावडरीचा चमचा पडला होता. भिंतीच्या फटीतून निघालेली मुंग्यांची बारीक रांग टेबलाच्या पायावरून वर येऊन त्या चमच्यापर्यंत पोचली होती. शेजारीच जयमालाच्या डब्यातलं जलरूप सांडलं होतं. मुंग्या त्याला वळसा घालून जात होत्या.

"बाप्पू," म्हातारीने कुलदीपला विचारलं, "खताले मुंग्या कवापासून लागाले लागल्या?"

कुलदीपने चमच्याकडे पाहिलं. मग पाकिटाकडे पाहिलं. त्याने पाकिटातली चिमूट बोटांत चोळली. तो जिभेला लावणार एवढ्यात मॅडमनी त्याचं मनगट धरलं. पण बोटांच्या चिकटपणावरूनच कळलं. पिठीसाखर.

"अन् हे?" कोणीतरी डब्याकडे बोट दाखवलं.

अन्नपूर्णाबाईंनी डब्यात हात घातला. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मध्ये पावडर धरली आणि तिथेच फरशीवर उकिडव्या बसल्या. हात सरकू लागला. पांढरी, सारखी, एकसंध रेघ खाली उतरली. तिने वळण घेतलं, परत फिरली, पाकळी झाली. दुसरी पाकळी. बघता बघता आठ पाकळ्यांचं कमळ झालं. त्यांच्या डोळ्यांचा भरवसा नव्हता, पण साठ वर्षं रोज सकाळी रेघ ओढणाऱ्या बोटांचा होता.

"रांगोई हाय," त्या म्हणाल्या. "चांगली हाय. बाजारात अशी बारीक भेटत नाई."

मॅडमनी लिंबू मागितलं. दोन लिंबं एका भांड्यात पिळून त्यांनी चिमूटभर जलरूप टाकलं. भांड्यात फेस उसळला, सर्रर्र असा बारीक आवाज झाला, आणि बघता बघता पावडर बरीचशी नाहीशी झाली.

"चुनखडीचा दगड," मॅडम म्हणाल्या, "दळलेला. आंबट लागलं की विरघळतो." आणि भिंतीवर 'लिंबू' लिहून पुढे पहिल्यांदाच 'हो' लिहिलं.

आधी कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. अकरा जणांनी आपल्या शेताला नळीतून रांगोळी घातली होती, हे चित्र डोळ्यांसमोर येताच ज्यांच्या नळ्या तुंबल्या होत्या तेही हसले. एकाने सुचवलं की लिंबू आहे, साखर आहे, सरबत करून टाकू. मॅडमनी पाकीट उचलून त्याच्यावरची ओळ मोठ्याने वाचली, 'खाण्यासाठी नाही', आणि पाकीट आपल्या पर्समध्ये टाकलं.

कुलदीप एकटा हसत नव्हता. तो खुर्चीच्या कडेवर बसला होता. टोपी हातात. पाठ केलेली भाषा गेली होती.

"माझ्या बापाच्या पपईला मीच टाकायला लावलंय," तो म्हणाला. "चार पिशव्या. बाप म्हणायला, कुलदीप, झाडं पिवळी पडायलीत. मीच म्हणलं, बाबा, थोडं अजून टाका."

हसणं थांबलं. जयमाला त्याला चांगलं सुनावायचं म्हणून घरून वाक्यं तयार करून आली होती. 'तुमच्या मायबापाच्या शेतात टाका हे' हे त्यातलं सगळ्यात चांगलं वाक्य होतं. आता ते कामाचं उरलं नव्हतं. तिने डब्याचं झाकण लावलं.

"तुम्हाले म्हाईत नव्हतं?"

"देवाशप्पथ नाही ताई. पाकिटं पुण्याहून वेगळ्या खोक्यात यायची. साहेब म्हणायचा, दाखवायला हीच वापर, पिशवी फोडू नको, ओल लागते."

नारायणराव बोलायला उठले. सगळ्यांना वाटलं आता पोराची काही खैर नाही. पण नारायणरावांच्या डोक्यात वेगळंच होतं. अकरा पिशव्या आपल्या शब्दावर गेल्या, ही गोष्ट त्यांनाही आत्ताच नीट कळत होती.

"चूक माह्यी बी हाय," ते म्हणाले. असं वाक्य त्यांच्या तोंडून गावाने याआधी ऐकलं नव्हतं, त्यामुळे मागच्यांनी पुढच्यांना 'काय म्हणले?' असं विचारलं. नारायणराव ते पुन्हा म्हणाले नाहीत. "माह्या घरी चार पिशव्या हायेत, सीलबंद. एक घ्या अन् उद्या चिखलीले जा, कृषी कार्यालयात."

दुसऱ्या दिवशी जयमाला, निवृत्ती आणि कुलदीप सकाळच्या जीपने चिखलीला गेले. पिशवी कुलदीपने मांडीवर घेतली. रात्रभर बसून त्याने चार पानं लिहिली होती, कोणत्या गावात काय दाखवलं, किती पिशव्या गेल्या, साहेब काय काय म्हणाला, सगळं. कार्यालयातल्या साहेबांनी ती पानं वाचली, पिशवी पाहिली आणि विचारलं, "कशावरून म्हणता विरघळत नाही?"

जयमालाने आपल्या कापडी पिशवीतून पाण्याची बाटली आणि ग्लास काढला.

"ते राहू द्या," साहेब घाईने म्हणाले. "नमुना प्रयोगशाळेत जाईल. रीतसर अहवाल येईल."

अहवाल दीड महिन्याने आला. त्यात तीन सह्या आणि दोन शिक्के होते, आणि मधोमध एक ओळ होती, 'सदर नमुना पाण्यात अविद्राव्य आढळून आला.' कंपनीची विक्री बंद झाली. कुलदीपच्या साहेबाचा फोन मात्र अजून बोगद्यातच होता.

पण पिकं दीड महिना थांबणार नव्हती. लिंबाचं जे झालं ते पाहून जयमालाने गुरुवारी संध्याकाळीच मॅडमना विचारलं होतं, ड्रिपरमधलं पण असंच जाईल का? जाईल, म्हणाल्या, पण लिंबू किती पिळशील? ठिबकासाठी ॲसिड मिळतं, ते जपून, मोजून सोडायचं, हातमोजे घालून, आणि नंतर भरपूर पाण्याने नळ्या धुवायच्या. कुलदीपला ते काम यायचं. कॉलेजात शिकला होता, फक्त तीन महिने बरणी हलवण्याच्या नादात विसरला होता.

तो देऊळगाव राजाहून रोज सकाळच्या एसटीने यायचा आणि एकेका शेतातल्या नळ्या साफ करायचा. पहिलं शेत जयमालाचं. नळ्यांची टोकं उघडल्यावर आधी पांढरं पाणी आलं, मग भुरकट, मग स्वच्छ. संध्याकाळी ती शेवटच्या झाडाशी जाऊन उभी राहिली. ड्रिपरमधून थेंब पडत होता. एक, मग थोडं थांबून दुसरा. तिने खाली बसून वीस थेंब मोजले आणि मगच घरी गेली.

अकरा शेतं व्हायला दोन आठवडे लागले. रोज वेगळ्या घरी जेवण. कुलदीप दोन आठवड्यांत जाड झाला.

दिवाळी आली तेव्हा पिंपळसोंड्याच्या झाडून सगळ्या दारांत पांढऱ्याशुभ्र रांगोळ्या होत्या, बाजारात मिळत नाहीत इतक्या बारीक. अन्नपूर्णाबाईंनी घरोघरी डबे पोचवले होते. पुढची तपासणी करायला कृषी कार्यालयातून एक जण आला आणि उरलेला साठा कुठे आहे असं विचारू लागला. तेव्हा निवृत्तीने त्याला गल्लीच्या तोंडाशी नेलं आणि दोन्ही बाजूंच्या उंबऱ्यांकडे हात दाखवला.

"पाय नोका देऊ साहेब," तो म्हणाला. "बाया वरडतीन."

त्या माणसाने वहीत काय लिहिलं कोणास ठाऊक. तो कडेकडेने चालत गेला आणि फराळ करून परतला.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी कुलदीपचा फोन आला. देऊळगाव राजात एका दुकानात कामाला लागलो, म्हणाला. बापाची पपई निम्मी वाचली. बाप चार दिवस बोलला नाही, पाचव्या दिवशी म्हणाला, चल, नळ्या धुवायच्यात.

"दुकानात काय इकता आता?" जयमालाने विचारलं.

"बियाणं, ताई."

"थे कसं दाखवता लोकायले?"

"दाखवत नाही," कुलदीप म्हणाला. "ओल्या फडक्यात शंभर दाणे गुंडाळून देतो आणि म्हणतो, घरी न्या, चार दिवसांनी किती उगवले ते मोजा, मग या."

"लोक येतेत का परत?"

"मोजून येतात, ताई," तो म्हणाला. "एक जण तर ब्याण्णवच उगवले म्हणून भांडायला आला होता. मी मोजले, त्र्याण्णव निघाले."